त्या तीन पायऱ्यांना जबाबदार कोण?

सोलापूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेचे पत्र आले आहे. त्या ६८ वर्षांच्या आहेत, यजमान ७४ वर्षांचे असून त्यांना कंपवाताचा त्रास आहे. सध्याचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. २०२२ मध्ये त्यांनी पुण्याच्या पश्चिमेला, नुकत्याच महापालिकेत आलेल्या एका गावात, ‘ज्येष्ठांसाठी खास’ म्हणून जाहिरात झालेल्या वसाहतीत सदनिका नोंदवली आणि जवळजवळ सगळे पैसे भरले. माहितीपत्रकात लॉबीपर्यंत चाकाच्या खुर्चीसाठी उतार दाखवला होता, प्रत्यक्षात तिथे तीन पायऱ्या आहेत. दवाखान्याची खोली आणि भोजनगृह ज्या इमारतीत येणार, तिचा पायाही अजून खणलेला नाही. तीन आठवड्यांपूर्वी भाग भोगवटा प्रमाणपत्र (प्रकल्पाचा काही भाग राहायला वापरता येईल असा दाखला) आले आणि मागोमाग ताबा घेण्याचे पत्र आले. तक्रार घेऊन गेल्यावर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाने त्यांना पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) पाठवले, तिथल्या लिपिकाने ‘रेराकडे जा’ म्हटले आणि महारेराच्या, म्हणजे रेरा या स्थावर संपदा कायद्याखाली गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, मदत क्रमांकावर ‘नकाशाचा प्रश्न नियोजन प्राधिकरणाचा’ असे उत्तर मिळाले. परदेशातला मुलगा म्हणतो, रेराचा नंबर आहे म्हणजे सगळे कायदेशीर आहे. सोबतचे सदनिकाधारक म्हणतात, सगळे एकमेकांना मिळालेले आहेत. बाई विचारतात: “माझा आता कोणत्याच कचेरीवर विश्वास उरलेला नाही. तक्रार करण्यात अर्थ आहे का, की ताबा घेऊन गप्प बसावे, की पैसे परत मागावेत? यांना आणखी किती दिवस तिसऱ्या मजल्यावर ठेवू?”

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आधी घाईची गोष्ट सांगते, कारण आपण ज्या तीन वाटा लिहिल्या आहेत त्यांतली एकही आज, या आठवड्यात धरू नये असे माझे मत आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ग्राहकाने ताबा घ्यावा, असे रेरा कायद्याच्या कलम १९ मध्ये लिहिलेले आहे. आपले तीन आठवडे गेले, म्हणजे हाताशी पाच-सहा आठवडे आहेत. ते कमी नाहीत, पण चकरा मारण्यात घालवण्याइतके जास्तही नाहीत. ताबा देताना जी पावती पुढे केली जाते, तिच्यात बहुधा ‘सदनिका व सामायिक सुविधा समाधानकारक स्थितीत मिळाल्या, माझी कोणतीही तक्रार नाही’ अशा अर्थाचे वाक्य असते. त्याखाली जशीच्या तशी सही करू नका. सही करायचीच वेळ आली, तर त्या वाक्यावर काट मारून ‘उतार, दवाखाना व भोजनगृह यांविषयीची हरकत राखून ताबा घेत आहे’ असे स्वतःच्या अक्षरात लिहा आणि पावतीचा फोटो तिथेच काढून घ्या. ती पावती बदलू देणार नाहीत, तर तेच म्हणणे ईमेलने आणि स्पीड पोस्टने त्याच दिवशी कळवा.

आता विश्वासाविषयी. आपण आयुष्यभर शाळा चालवली आहे, तेव्हा कचेरीतले ‘उद्या या’ आपल्याला नवे नसणार, आणि तरीही आपण ‘विश्वास उरलेला नाही’ असे लिहिता, याला काही कारण आहे हे मी मान्य करते. मी स्वतः नगररचना खात्यात एकोणीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली शेवटची काही वर्षे भोगवट्याच्या टेबलावर काढली, म्हणून त्या खात्याची वकिली मी करीत आहे असे कृपया समजू नका. लोकांचा अविश्वास हवेतून आलेला नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्या जोडून महारेराची नोंदणीही मिळवली गेली, कुटुंबांनी कर्जे काढून घरे घेतली, आणि एका वास्तुविशारदाने जनहित याचिका लावून धरल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. एका कचेरीने दुसऱ्या कचेरीचा कागद खरा मानला, दुसरीला आपल्या नावाने असा कागद फिरतो आहे याचा पत्ता नव्हता, आणि मधल्या मध्ये घर घेणारा भरडला गेला. आपल्या चिरंजीवांना हे एवढे नक्की कळवा, म्हणजे ‘रेराचा नंबर आहे’ या वाक्यावर ते इतके निश्चिंत राहणार नाहीत. तो नंबर म्हणजे प्रकल्पाची नोंद आहे. बांधकामाच्या जागेवर जाऊन कोणी पायऱ्या मोजल्या, असा त्याचा अर्थ होत नाही.

परंतु आपल्या सोबतच्या मंडळींचे ‘सगळे मिळालेले’ हे वाक्यही मला तितकेच अपुरे वाटते. मिळालेले असतातही, नाही असे मी म्हणणार नाही. तरी माझ्या टेबलावरून गेलेल्या फायलींत लाच हे कारण जितक्यांदा असेल, त्याहून कितीतरी जास्त वेळा कारण एवढेच होते की, जी गोष्ट लोकांना तपासली जावी असे वाटत होते, ती तपासण्याचे काम त्या टेबलाकडे दिलेलेच नव्हते. भोगवट्याची तपासणी कशी होते ते सांगते. कनिष्ठ अभियंता टेप घेऊन जागेवर जातो. समासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती सोडलेली मोकळी जागा, मोजतो, मजले मोजतो, वाहनतळाच्या जागा पाहतो, पावसाचे पाणी जिरवण्याचा खड्डा आणि कचऱ्याची सोय पाहतो, लावलेली झाडे मोजतो. अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला, लिफ्टसाठी विद्युत निरीक्षकांचा परवाना आणि मलनिस्सारणाचा दाखला फायलीत आहे का ते बघतो. मंजूर नकाशाशी हे जुळले की शेरा लिहितो. त्या तपासणीच्या तक्त्यात ‘या इमारतीत म्हातारी माणसे राहणार आहेत’ असा रकाना मी कधी पाहिला नाही. अडथळ्याविना प्रवेशाच्या तरतुदी नियमावलीत आहेत, परंतु ‘ज्येष्ठांसाठी खास’ हे शब्द जाहिरातीत असतात, नकाशावर नसतात. नकाशावर ती केवळ निवासी इमारत असते, आणि निवासी इमारत म्हणूनच ती उत्तीर्ण होते.

त्यात आपल्या वसाहतीचे गाव म्हणजे आणखी गुंता. ३० जून २०२१ रोजी पुण्याभोवतीची २३ गावे महापालिकेत आली, त्यांतले ते एक. गाव महापालिकेचे झाले, मालमत्ता कराचे बिल महापालिकेचे येऊ लागले, पण त्या गावांच्या बांधकाम परवानग्या पीएमआरडीए देत होती आणि आपल्या प्रकल्पाची फाईलही तिच्याच कपाटात आहे. ग्रामपंचायत गेली, तशी दर काही महिन्यांनी सरपंचाला ग्रामसभेत उभे करून विचारण्याची सोयही गेली. आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षे प्रशासकाचाच कारभार राहिला, त्यामुळे नगरसेवकाच्या दाराशी जाण्याचीही सोय नव्हती. आपला प्रकल्प नेमका याच काळात उभा राहिला. तेव्हा क्षेत्रीय कार्यालयाने आपल्याला पीएमआरडीएकडे पाठवले ते टोलवाटोलवीच्या सुरात सांगितले असेल, पण खोटे सांगितले नाही. दुसरी चकर, जिथे लिपिकाने आपल्याला तोंडी ‘रेराकडे जा’ म्हटले, ती मात्र अर्धीच बरोबर होती, आणि ती कोणत्या अर्ध्यात बरोबर आहे हे एका कागदावर ठरणार आहे.

तो कागद म्हणजे तळमजल्याचा मंजूर नकाशा. भोगवटा प्रमाणपत्रासोबत जोडलेला, शिक्क्याचा, शेवटच्या सुधारणेनंतरचा. माहितीपत्रकातले रंगीत चित्र नव्हे, आणि विक्री कार्यालयाच्या भिंतीवरचा आराखडाही नव्हे. त्या नकाशात लॉबीच्या तोंडाशी काय काढले आहे ते पाहायचे. उतार काढताना साधारणपणे एकास बारा हे प्रमाण धरतात. आपल्या तीन पायऱ्या प्रत्येकी पंधरा सेंटिमीटरच्या धरल्या, तर चढ पंचेचाळीस सेंटिमीटरचा होतो आणि त्याला सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट लांब उतार लागतो. एवढी लांब पट्टी नकाशावर लपत नाही. असली तर शाळेच्या पट्टीनेही सापडेल.

समजा, उतार नकाशात आहे आणि जागेवर नाही. मग हा बांधकाम मंजुरीप्रमाणे न झाल्याचा मामला आहे, आणि तो पाहून प्रमाणपत्र देणाऱ्या पीएमआरडीएनेच त्याचे उत्तर द्यायचे आहे. तिथे ‘रेराकडे जा’ हे उत्तर चालत नाही. शिवाय मंजूर नकाशाप्रमाणेच बांधण्याचे बंधन रेराच्या कलम १४ मध्येही आहे आणि सामायिक भागांत बदल करायचा तर किमान दोन-तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते, म्हणून महारेराचे दारही उघडे राहते. समजा, उतार नकाशात नाही, पण माहितीपत्रकात किंवा करारनाम्याच्या परिशिष्टात आहे. मग पीएमआरडीएचा संबंध संपला. विकासकाने मंजूर नसलेली गोष्ट दाखवून पैसे घेतले, आणि खोट्या जाहिरातीवर विसंबून ज्याने पैसे भरले त्याला नुकसानभरपाई, किंवा प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर व्याजासह सर्व रक्कम परत, असे कलम १२ सांगते. तिसरी शक्यता अशी की, उतार यांपैकी कुठेच नाही आणि विक्री कार्यालयातल्या मुलाने तो तोंडी सांगितला होता. तसे असेल तर तक्रारीत जीव नाही, हे आत्ताच ऐकून ठेवा; तेव्हा सोसायटी झाल्यावर सगळ्यांनी मिळून उतार बांधून घेणे हाच उपाय उरतो. आपल्या पत्रावरून पाहता आपण दुसऱ्या प्रकारात असाल, असा माझा अंदाज आहे, आणि त्या माहितीपत्रकाची प्रत आपण जपून ठेवली आहे हे वाचून मला फार बरे वाटले.

नकाशा मिळवायला पुण्याला हेलपाटे घालण्याचे कारण नाही. महारेराच्या संकेतस्थळावर आपल्या प्रकल्पाच्या पानावर विकासकाने मंजूर नकाशे, बांधकाम परवानगी आणि दर तीन महिन्यांचा प्रगती अहवाल चढवायचा असतो. ते आधी उतरवून घ्या. मंजूर नकाशाची माहिती मागण्याचा ग्राहक म्हणून आपल्याला हक्क आहे, म्हणून विकासकालाही एक ईमेल करा. त्याने दिले नाही, तर ते न देणेच पुढे आपल्या उपयोगी पडते. तिसरे म्हणजे पीएमआरडीएकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज. दहा रुपये शुल्क, आणि राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांच्या आत व एकाच विषयावर असावा लागतो. बहुतेक ज्येष्ठ मंडळींचे अर्ज इथेच फसतात, कारण ते अर्जात आपली कहाणी लिहितात आणि शेवटी ‘असे का झाले याचा खुलासा करावा’ म्हणतात. ‘का’ला उत्तर देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही, कागद देण्याचे आहे. म्हणून आपण कागदच मागा: भाग भोगवटा प्रमाणपत्र त्याच्या अटींसह, त्यासोबतचा तळमजल्याचा नकाशा, जागेच्या पाहणीचा अहवाल आणि त्यावरची तारीख व पदनाम, आणि विकासकाने दिलेली हमीपत्रे. फाईल समक्ष पाहण्याचाही हक्क आपल्याला आहे. तसे एका वाक्यात लिहा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर एकतिसाव्या दिवशी पहिले अपील टाकायचे. थांबायचे नाही.

एक जास्तीची माहिती देते, कारण ती फार थोड्यांना असते. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली पाहता याव्यात, असे परिपत्रक राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढले. ही पद्धत मुळात पुणे महापालिकेत २००९ साली सुरू झाली होती. पीएमआरडीए स्थानिक स्वराज्य संस्था नाही, त्यामुळे नकाशासाठी याचा आधार घेऊ नका; पण पाणी, रस्ता आणि सांडपाणी या बाबी आता महापालिकेकडे आहेत आणि आपल्या परिसराच्या त्या फायली अशा सोमवारी पाहता येतील. पाण्याचे विशेष लक्ष देऊन पाहा. पुण्याच्या कडेच्या अनेक प्रकल्पांत ‘महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत स्वखर्चाने पुरवू’ असे हमीपत्र विकासक देतो, त्यावर भोगवटा मिळतो आणि काही काळाने टँकरचे पैसे देखभालखर्चात येऊ लागतात. वर मी हमीपत्रे मागा म्हटले ते यासाठीच. सोसायटीच्या सभेत ‘टँकरचे पैसे आम्ही का द्यायचे’ असे नुसते विचारणे वेगळे आणि हमीपत्राची शिक्क्याची प्रत टेबलावर ठेवून विचारणे वेगळे.

आपण विचारले आहे की, ज्येष्ठांच्या घरांसाठी सरकारचा काही नियम आहे की नाही. आहे. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांच्या आधारे महारेराने मे २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून ते विक्री करारनाम्यात घालणे बंधनकारक केले. एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट, तीही चाकाची खुर्ची जाईल अशी आणि आवाजाने व दिव्याने सूचना देणारी. उंबरठा नसलेली, किमान नव्वद सेंटिमीटर रुंदीची दारे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे आणि एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नाहीत. न घसरणारी फरशी. न्हाणीघरात धरायला दांडे. वाचताना बरे वाटते. परंतु आपला प्रकल्प २०२२ चा आहे आणि आपला करारनामाही त्याच वेळचा, त्यामुळे हे निकष आपल्या विकासकावर थेट लागू होतील अशी आशा मी आपल्याला लावणार नाही. त्यांचा उपयोग मोजपट्टीसारखा करा. विकासकाशी बोलताना, पुढे सुनावणी झालीच तर तिथे, ‘ज्येष्ठांसाठी खास’ या शब्दांचा किमान अर्थ काय होतो हे शासनाच्याच एका प्राधिकरणाने लिहून ठेवले आहे, असे दाखवता येते.

महारेराकडे तक्रार करण्यात अर्थ आहे का, याचे सरळ उत्तर ‘आहे, पण डोळे उघडे ठेवून’ असे आहे. तक्रारीचे शुल्क पाच हजार रुपये आहे आणि वकील न लावताही ती करता येते. त्याआधी सलोखा मंचाकडे जाता येते. उतारासारख्या बांधून देण्याजोग्या गोष्टीसाठी मला तोच मार्ग आधी पसंत पडतो, कारण तिथे ग्राहकांचे आणि विकासकांचे प्रतिनिधी समोरासमोर बसतात आणि पाच-सहा मीटर उताराच्या खर्चापेक्षा वर्षभराची सुनावणी विकासकालाही महाग पडते. पैसे परत करण्याचा आदेश मिळवणे ही वेगळी गोष्ट. आदेश झाला तरी विकासकाने पैसे दिले नाहीत, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करावी लागते, आणि त्या वाटेवर लोकांची वर्षे गेलेली मी पाहिली आहेत. यजमानांचे वय आणि आजार पाहता, व्याजासह रक्कम परत मागण्याचा हक्क राखून ठेवावा, पण पहिला डाव तो खेळू नये.

आणि आता ज्या गोष्टीवर आपण पत्रात एकच ओळ लिहिली आहे, तिच्यावर मला जास्त लिहायचे आहे. आपण लिहिता, “दवाखाना आणि जेवणाचे पुढे बघू, आधी उतार होऊ दे.” माझी आई अशाच एका वसाहतीत चार वर्षे होती. नाव सांगत नाही. इमारत उत्तम होती, सगळे दाखले होते, उतारही होता. न्हाणीघरात संकटात ओढायची दोरी होती. ती ओढली की खाली घंटा वाजायची. एकदा मी आईकडे राहायला गेले असता पाहिले की, ती दोरी वर गुंडाळून गाठ मारून ठेवली आहे, माझ्या डोक्याच्याही वर. फरशी पुसताना मध्ये येते म्हणून सफाईच्या बाईंनी ती बांधली होती, आणि शेजारच्या दोन घरांतही तसेच होते. म्हणजे दोरी होती, घंटा चालू होती, आणि पडलेल्या माणसाचा हात तिथे पोहोचला नसता. मी व्यवस्थापकाला बोलले, त्याने लगेच सोडायला लावली. दोन महिन्यांनी पुन्हा गाठ होती. मी नगररचना खात्यात असूनही, ही तक्रार नेमकी कोणत्या सरकारी कचेरीत करायची याचे उत्तर मला सापडले नाही.

कारण ते नाहीच. भोगवटा प्रमाणपत्र दिले की नियोजन प्राधिकरणाचे काम संपते. आगीच्या यंत्रणेसाठी दर जानेवारी आणि जुलैत ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते, पण ते देणारी परवानाधारक संस्था इमारतीच्याच मालकाने किंवा सोसायटीने पैसे देऊन लावलेली असते. स्वयंपाकघराला अन्न परवाना लागतो, त्याचे खाते वेगळे. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाची गोष्ट करतो, पण ती निराधार ज्येष्ठांसाठी. आपण पैसे देऊन जी परिचारिका, जो दवाखाना, जे पथ्याचे जेवण आणि जी रात्रीची घंटा विकत घेता, ती नीट चालते आहे का हे वर्षातून एकदा येऊन पाहणारा माणूस महापालिकेत मी पाहिला नाही. लोक ‘देखरेखीवर विश्वास नाही’ म्हणतात तेव्हा निदान एवढे धरून चालतात की देखरेख आहे आणि ती वाईट आहे. या एका बाबतीत ती मुळात ठेवलेलीच नाही, आणि याचा राग यायला हवा, असे मला वाटते. नुसता विकासकावर नव्हे, आमच्यासारख्या खात्यांवरही, कारण आम्ही जाहिरातीतला ‘ज्येष्ठ’ हा शब्द वाचत होतो आणि तो आमच्या तक्त्यात बसत नाही म्हणून पुढे सरकत होतो.

त्यामुळे सेवांच्या बाबतीत आपला करार हीच काय ती देखरेख. सदनिकेचा करारनामा वेगळा आणि सेवांचा करार वेगळा असतो, आणि दुसरा बहुधा ताब्याच्या दिवशी, चावीच्या जोडीला, सहीसाठी पुढे येतो. तो आजच मागवून घ्या आणि चष्मा लावून वाचा. सेवा कोण देणार, विकासकाचीच दुसरी कंपनी का. दर वर्षी किती वाढ करता येते आणि ती कोण ठरवते. सेवा बंद पडली तर आगाऊ घेतलेल्या ठेवीचे काय. सोसायटीला सेवा देणारा बदलता येतो का. यजमान दोन महिने रुग्णालयात असतील तर जेवणाचे पैसे चालू राहतात का. वारसाची अट विशेष पाहा. बऱ्याच अशा वसाहतींत साठीच्या किंवा पंचावन्नच्या आतल्या माणसाला राहता येत नाही, म्हणजे घर उद्या चिरंजीवांच्या नावावर होईल, पण ते तिथे राहू शकणार नाहीत, आणि विकायचे तर ग्राहकही त्याच वयाचा शोधावा लागेल. हे वाईटच आहे असे मी म्हणत नाही, वसाहत ज्येष्ठांची राहावी म्हणूनच ती अट असते. पण ते त्यांनी आत्ताच समजून घ्यावे. आणि दवाखाना व भोजनगृह ज्या इमारतीत आहेत ती महारेराच्या पानावर याच नोंदणीत आहे की पुढच्या टप्प्याच्या वेगळ्या नोंदणीत, हे पाहा. वेगळ्या नोंदणीत असेल तर तिची पूर्ततेची तारीखही वेगळी असते, आणि तोवर जेवण कुठून येणार याचे लेखी उत्तर आपल्याला हवे.

हे सगळे एकट्याने करू नका. इमारतीतल्या ५१ टक्के सदनिकांची नोंदणी झाली की तीन महिन्यांत सोसायटी स्थापण्यासाठी पावले उचलणे विकासकावर बंधनकारक आहे, आणि ग्राहकांच्या संघटनेलाही महारेराकडे तक्रार करता येते. ‘सगळे मिळालेले’ म्हणणाऱ्या त्या मंडळींना आपण शाळेतल्यासारखी कामे वाटून द्या: एकाने नकाशा, एकाने हमीपत्रे, एकाने अग्निशमन आणि लिफ्टचे दाखले, एकाने सेवाकरार. माझा अनुभव असा की, निराश माणसाच्या हाती एक विशिष्ट कागद आणण्याचे काम दिले की तो निम्मा तरी सावरतो. उरलेला निम्मा कागद न मिळाल्यावर चिडतो, आणि तेही उपयोगी असते.

राहता राहिले यजमान. त्यांना तिसऱ्या मजल्यावर ठेवण्याचा प्रश्न या वादाशी बांधून ठेवू नका. सोलापुरातच तळमजल्यावरचे घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्या. त्या भाड्याच्या पावत्या पुढे नुकसानभरपाई मागताना लागतील, म्हणून रोखीने देऊ नका. आणि पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा ओळखीच्या कोणाची चाकाची खुर्ची सोबत न्या. यजमानांना तिच्यात बसवून फाटकापासून घरापर्यंत, घरातून न्हाणीघरात, लिफ्टमध्ये, बाकापर्यंत असे सगळीकडे फिरवून आणा आणि कोणाला तरी मोबाईलवर त्याचे चित्रीकरण करायला सांगा. जिथे खुर्ची अडेल तिथे थांबून तारीख आणि जागा मोठ्याने बोला. त्या तीन पायऱ्यांखेरीज आणखी कुठे कुठे ती अडते हे माहितीपत्रकावरून कधीच कळणार नाही. न्हाणीघराच्या दाराशी तर हमखास अडते.

नकाशा हाती आला की त्यातला लॉबीचा भाग तेवढा मला पाठवा. उतार काढलेला असला तर पीएमआरडीएला लिहायचे पत्र मी पुढच्या वेळी इथेच मसुदा करून देईन, आणि नसला तर माहितीपत्रकाचे ते पान व करारनाम्याचे परिशिष्ट जोडून सलोखा मंचाचा अर्ज भरायला घ्या.

आपली नम्र